खेळाच्या पेटीत सारा टीव्ही : गिऱ्हाइकाला काय मिळते, आपल्या हाती काय उरते?

ईदनंतरच्या आठवड्यात आमच्या दुकानात दरवर्षी एक ठरलेले दृश्य दिसते. आखातातून सुट्टीवर आलेली मुले घरी काही ना काही यंत्र आणतात आणि ती परत गेल्यावर त्या यंत्राचे करायचे काय, हे विचारायला त्यांचे वडील आमच्याकडे येतात. पूर्वी टू-इन-वन यायचा, मग व्हीसीआर आला, मग डीव्हीडी. अलीकडे या यादीत गेम कन्सोलची भर पडली आहे.

शनिवार पेठेतले एक टेलर मास्तर अशीच पेटी घेऊन आले. मुलाने दुबईहून आणलेला कन्सोल होता. मास्तर म्हणाले, "भाई, यावर गेम तर हाईतच, पण सिनेमा, मालिका, मॅच सगळं यावरच लागतंय म्हणे. मग डिशचं रिचार्ज कशाला मारायचं?" आम्ही पेटी जोडली, इंटरनेट चालू केले, एक सिनेमा लावून दाखवला आणि पाचशे रुपये घेतले. "सगळं लागतंय," असेही वर सांगितले. मास्तरांनी त्या महिन्याचा रिचार्ज केला नाही.

तीन आठवड्यांनी ते परत आले. घरात टीव्ही लावणे कुणालाच जमत नव्हते. रिमोट नाही, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर, आणि त्याचे चार्जिंग नेमके हवे तेव्हा उतरलेले. खाते मुलाच्या नावाचे आणि आखातातले, त्यामुळे पेटीतल्या दुकानात तिकडची ॲप्स दिसत, आपल्याकडची सापडत नसत. रात्रीच्या मराठी बातम्या कुठे लागतात याचा पत्ता नाही. मुलगा फोनवरून बटणे सांगायचा आणि इकडे घरचे वैतागून टीव्ही बंद करायचे. मास्तर आमच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सदरा अंगाला बसला न्हाई तर मी उसवून परत शिवून देतो." आम्ही पाचशे रुपये परत केले आणि डिश पुन्हा सुरू करून दिली.

चूक पेटीची नव्हती, आमची होती. गिऱ्हाइकाला काय हवे आहे हे न विचारता पेटीत काय काय आहे ते आम्ही सांगत बसलो. हीच चूक आज शहरातल्या कितीतरी काउंटरवर होत आहे. "एकाच पेटीत सगळं" हे वाक्य कंपन्यांच्या जाहिरातीतून उचलून आपला दुकानदार गिऱ्हाइकाला ऐकवतो. आमचे म्हणणे असे की, या वाक्यामागचा पंचवीस वर्षांचा इतिहास आपण पाहिला पाहिजे. कन्सोल हे टीव्हीचे मुख्य दार व्हावे ही कंपन्यांची गरज होती, घराची नव्हती. ते दार आता टीव्हीतच बसले आहे. मग आपल्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने पोट कशावर भरायचे, हा खरा प्रश्न आहे.

टीव्ही गेम ते डीव्हीडी

आमच्या पिढीतल्या कारागिरांना १९९० च्या दशकातला 'टीव्ही गेम' आठवत असेल. जपानी निंटेंडोच्या धर्तीवर बनवलेली आठ बिटांची पेटी, वर खोचायची पिवळी नाही तर काळी कॅसेट, आणि सोबत बदके मारायची बंदूक. मागची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या छिद्रात घालायची, टीव्हीचा चॅनेल जुळवायचा, की खेळ सुरू. कॅसेट लागली नाही की पोरे तिच्यात फुंकर मारायची आणि तरीही लागली नाही की ती आमच्याकडे यायची. आम्ही स्पिरिटने तिचे पितळी दात पुसून दिले की काम झाले. ॲडॅप्टर जळाला तर नवा, कंट्रोलरची वायर तुटली तर डाग द्यायचा. त्या पेटीचे एकच काम होते, खेळ. सिनेमा बघायचा तर व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायची आणि चॅनेल बघायचे तर केबलवाला. तीन कामांची तीन यंत्रे होती आणि त्या तिन्ही यंत्रांवर आपली माणसे जगत होती.

ही वाटणी पहिल्यांदा मोडली ती सोनीच्या प्लेस्टेशन २ ने. मार्च २००० मध्ये जपानात विक्रीला आलेल्या या कन्सोलमध्ये डीव्हीडी चालत असे. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग होते. लोकांनी हिशेब केला की प्लेअरच्या पैशात खेळही मिळतो आहे. जपानात सुरुवातीला कित्येकांनी ही पेटी खेळांपेक्षा सिनेमासाठीच घेतली. पुढे तिची जगभर सोळा कोटींच्या आसपास विक्री झाली, आणि घरातल्या कन्सोलमध्ये तो आकडा सर्वांत मोठा ठरला. आपल्याकडेही पीएस२ बरीच वर्षे टिकला. त्यावर सिनेमा लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तिथे गिऱ्हाइकाचा खरोखर फायदा होता. एका खर्चात दोन वस्तू मिळत होत्या. डिस्क त्याच्या मालकीची होती, ती तो शेजाऱ्याला देऊ शकत होता, विकू शकत होता. डिस्क विकणारा, भाड्याने देणारा आणि लेन्स बदलणारा कारागीर, या तिघांनाही काम होते. एका पेटीने दुसरी पेटी गिळली खरी, पण भोवतीचा बाजार शिल्लक ठेवला.

दिवाणखान्यावरचा दावा

पुढच्या पिढीत कंपन्यांचा हेतू बदलला. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सोनीने ब्लू-रे डिस्कचा ड्राइव्ह घातला. त्या वेळी ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी यांच्यात झगडा चालू होता. घरोघरी गेलेला प्रत्येक पीएस३ म्हणजे एक ब्लू-रे प्लेअर होता. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. त्यामागे सिनेमा कंपन्यांचा कल हे कारण होतेच, पण या कन्सोलचा वाटाही मोठा होता. खेळण्याच्या पेटीने सिनेमाच्या धंद्यातली लढाई जिंकून दिली.

मायक्रोसॉफ्टने दुसरा रस्ता धरला. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० वर नेटफ्लिक्स सुरू झाले. डिस्क नाही, सिनेमा थेट इंटरनेटवरून. स्मार्ट टीव्ही अजून घराघरांत आलेले नव्हते, त्यामुळे साध्या टीव्हीवर इंटरनेटचा सिनेमा आणायला कन्सोल हेच सोयीचे साधन होते. पीएस३ वर ही सोय २००९ मध्ये आणि निंटेंडोच्या वीवर २०१० मध्ये आली. पण इथेच एक मेख होती. एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्स पाहायचे तर नेटफ्लिक्सची वर्गणी भरायची आणि वर मायक्रोसॉफ्टची 'गोल्ड' वर्गणीही भरायची. हा दुहेरी जकात नाका २०१४ च्या जूनपर्यंत चालू होता. दार ज्याच्या ताब्यात, तो टोल घेतो. हे आपल्याला नाक्यावर उभे राहून शिकायची गरज नाही.

त्यानंतर २१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्या कार्यक्रमात खेळांच्या आधी टीव्हीचीच चर्चा अधिक झाली. या पेटीला एचडीएमआयचे आत जाणारे एक छिद्र होते. केबलचा किंवा डिशचा सेट टॉप बॉक्स त्यात जोडायचा आणि सगळा टीव्ही एक्सबॉक्समधूनच पाहायचा, तोही तोंडी हुकूम देऊन. सोबतच्या किनेक्ट कॅमेऱ्यामुळे किंमत ४९९ डॉलर झाली, तर सोनीचा पीएस४ होता ३९९ डॉलरला. शिवाय चोवीस तासांत एकदा इंटरनेटला हजेरी लावण्याची आणि जुन्या खेळांच्या पुनर्विक्रीवर बंधनाची कलमे होती. गिऱ्हाइकांनी एवढा गोंगाट केला की, ही कलमे महिन्याभरात मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी कॅमेराही वेगळा केला. तरी गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियंत्रकापुढे मायक्रोसॉफ्टनेच कबूल केले की, त्या पिढीत सोनीची विक्री त्यांच्या दुपटीहून अधिक झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पुढच्या एक्सबॉक्सला ते आत जाणारे छिद्रच ठेवलेले नाही.

सोनीही या मोहातून सुटली नाही. प्लेस्टेशन व्ह्यू नावाची, थेट चॅनेल दाखवणारी तिची सेवा अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झाली आणि ३० जानेवारी २०२० रोजी बंद पडली. जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांना जे जमले नाही, ते "सगळं यावरच लागतंय" म्हणून आपण काउंटरवर विकू पाहतो, हे नवलच म्हणायचे.

काम टीव्हीनेच काढून घेतले

असे का झाले, याचे उत्तर आपल्या बाजारातच आहे. भारतात नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ रोजी आले. एप्रिल २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना मिळू लागली. पाठोपाठ स्मार्ट टीव्ही स्वस्त झाले. जे काम करायला पूर्वी चाळीस हजारांची पेटी लागायची, ते बोटाएवढी काडी करू लागली आणि पुढे तर ती काडीही टीव्हीच्या पोटात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. एवढे पैसे फक्त टीव्ही पाहण्यासाठी घालायला सांगणे हा सल्ला नव्हे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे नवा स्मार्ट टीव्ही घेणाऱ्याला कन्सोलच्या या वापराचे कारण आणखी कमी उरले.

पैसा कुठल्या दिशेने वाहतो आहे तेही पाहावे. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पुढच्या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला. भारतातल्या टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि इंटरनेटचे हक्क त्याहून जास्त, २३,७५८ कोटींना. असे पहिल्यांदाच घडले. २०२२ चा कतारमधला फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर फुकट दाखवला गेला. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांसाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या आपल्या गावाने तो मोबाइलवर आणि मंडळाच्या पडद्यावर पाहिला. दुसऱ्या बाजूला, दूरसंचार प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये सात कोटींवर असलेले डीटीएचचे ग्राहक २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली उतरले. डिशच्या जोडणीवर जगणाऱ्या पोरांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. त्यांच्या फोनची घंटीच कमी झाली आहे.

तेव्हा इंटरनेटवरचा टीव्ही वाढतो आहे, यात शंका नाही. पण तो कन्सोलच्या दारातून येत नाही. ज्याच्या घरी कन्सोल खेळासाठी आहे, त्याने त्यावर अधूनमधून सिनेमाही पाहावा, चांगलेच आहे. चित्र उत्तम दिसते, डिस्कचा ड्राइव्ह असेल तर ब्लू-रेही चालते. फक्त टीव्हीसाठी कन्सोल मात्र कुणाच्या गळ्यात मारू नये.

हिशेब कागदावर मांडू

यासाठी गिऱ्हाइकासमोर एक साधा हिशेब मांडता येतो. सिनेमा चालू असताना कन्सोल, कुठल्या पिढीचा आहे त्यानुसार, साधारण पन्नास ते नव्वद वॅट वीज घेतो. सत्तर धरू. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला दहा युनिटांहून थोडे अधिक झाले. स्टिक घेते तीन-चार वॅट. तिचे महिन्याचे एक युनिटही होत नाही. टीव्हीची वीज दोन्हीकडे सारखीच. रक्कम फार मोठी नाही, पण वर्षभर दरमहा जाणारी आहे आणि बदल्यात मिळते तेच चित्र.

दुसरा हिशेब सोयीचा. घरात सत्तरीची आई असेल तर तिला आवाज वाढवण्याचे आणि चॅनेल बदलण्याचे बटण लागते. कन्सोल चालू होऊन ॲप उघडेपर्यंत तिची मालिका अर्धी होते. तिसरा हिशेब ॲपचा. सगळ्या कन्सोलवर सगळी ॲप्स असतात असे नाही. निंटेंडो स्विचवर यूट्यूब आहे, पण नेटफ्लिक्स आलेच नाही. हे न सांगता स्विच विकला तर भांडण ठरलेले आहे. वीवरचे नेटफ्लिक्स २०१९ मध्ये बंद झाले, म्हणजे आज असलेले ॲप उद्या असेलच याचीही हमी नाही.

विकत घेतले ते कुणाचे?

आता थोडे मालकीबद्दल. व्यवहारात आपण पैसे घेतो आणि वस्तू गिऱ्हाइकाच्या ताब्यात देतो. ताबा गेला की सौदा पुरा झाला. पेटीतल्या दुकानात तसे होत नाही. सोनीने प्लेस्टेशनवर सिनेमे विकणे आणि भाड्याने देणे ३१ ऑगस्ट २०२१ पासून थांबवले. डिसेंबर २०२३ मध्ये तर लोकांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढले जातील, अशी सूचना आली. ओरड झाल्यावर तो निर्णय पुढे ढकलला, पण मुद्दा सर्वांना कळला. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी कायमचे बंद झाले. विकत घेतले असे वाटणारी वस्तू प्रत्यक्षात पाहण्याची परवानगी असते आणि परवानगी देणारा ती मागे घेऊ शकतो.

याचा आपल्या धंद्याशी थेट संबंध आहे. डिस्क आहे तोवर जुन्या खेळांचा बाजार आहे. एक डिस्क तीन घरांत फिरते आणि प्रत्येक फेरीत दुकानदाराला चार पैसे सुटतात. पोरे ज्या फुटबॉलच्या खेळावर रात्री जागवतात, जो २०२२ पर्यंत फिफा नावाने यायचा आणि आता ईए स्पोर्ट्स एफसी नावाने येतो, त्याच्या जुन्या डिस्क दरवर्षी नवा खेळ आला की हातोहात फिरतात. बिनडिस्कचा कन्सोल घेणारा मुलगा मात्र पुढची पाच वर्षे आपल्या दुकानाची पायरी चढणार नाही. त्याचा प्रत्येक रुपया थेट कंपनीकडे जाईल. म्हणून गिऱ्हाइकाने विचारले तर, पैसे वाचवताना तो काय सोडतो आहे, हे आपण स्पष्ट सांगावे. मग निर्णय त्याचा.

आपल्या माणसाने करायचे काय?

पेटी विकण्यात फारसे काही राहिलेले नाही, हे व्यापारी बंधूंना नव्याने सांगायला नको. सणाच्या सेलमध्ये ऑनलाइन जी किंमत लागते ती कधी कधी आपल्या खरेदीपेक्षा कमी असते. त्या शर्यतीत धावून दम घालवण्यात अर्थ नाही. पण पेटीच्या भोवती काम भरपूर आहे आणि ते काम ऑनलाइन करता येत नाही.

पहिले काम जोडणीचे. राउटर एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या, मधे दोन जाड भिंती. मग चित्र अडकते आणि दोष पेटीला लागतो. टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढून देणे, चांगली एचडीएमआय वापरणे, टीव्हीचे योग्य छिद्र निवडणे, राउटरला छोटा यूपीएस बसवणे, हे आपल्या वायरमनचे काम आहे. ज्यांचा डिशचा धंदा उतरला त्यांनी याकडे वळावे. केबलवाल्यांपैकी जे इंटरनेट देऊ लागले ते टिकले. त्यांच्याशी हातमिळवणी केली तर दोघांचे भागेल.

दुसरे काम दुरुस्तीचे. कन्सोल हमखास आजारी पडतो तो एचडीएमआयच्या छिद्रापाशी. वायर ओढली जाते, पिना वाकतात, चित्र जाते. बारीक सोल्डरिंग येणारा कारागीर हे काम दुकानात बसून करू शकतो. कंट्रोलरच्या काड्या आपोआप सरकू लागतात, पंख्यात धूळ बसून पेटी तापते, पॉवर सप्लाय जातो. ही सगळी नित्याची दुखणी आहेत. पण घाई नको. पीएस५ मध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी पातळ धातू वापरलेला आहे. उघडताना तो सांडला तर बोर्डच शॉर्ट होतो. आणि डिस्कचा ड्राइव्ह बोर्डाशी बांधलेला असतो; एका पेटीचा दुसरीत घातला तर चालत नाही. हे माहीत नसताना पेटी उघडणे म्हणजे दुसऱ्याच्या पन्नास हजारांवर शिकाऊपणा करणे.

तिसरे काम जुन्या पेट्यांचे. इथे बाजार मोठा आहे आणि फसवणूकही मोठी. घेताना बिल आणि देणाऱ्याची ओळख घ्यावी, चोरीच्या मालापासून तेवढीच राखण. जुने खाते पूर्ण काढले आहे का, कंपनीने ती पेटी इंटरनेटवर बंद तर केलेली नाही ना, डिस्क वाचते का, चित्र पूर्ण येते का, हे दुकानात लावून पाहावे. आधी दुरुस्ती झाली असेल तर विकताना तसे बिलावर लिहावे. मालातला दोष झाकून विकलेल्या पैशाला बरकत नसते, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवले जाते. ते काउंटरवरही लागू आहे. पन्नास दिवसांची का होईना, आपली स्वतःची लेखी हमी द्यावी. ऑनलाइन विक्रेत्याकडे नसलेली हीच एक गोष्ट आपल्याकडे आहे.

आणि काही कामे करू नयेत. पीएस२ च्या काळात चिप मारून नकली डिस्क चालवणे सर्रास होते, त्यावर कित्येकांनी पैसा केला. आजही कुलूप तोडलेले कन्सोल, फुकट चॅनेल दाखवणारे बॉक्स आणि एकच खाते दहा जणांना विकण्याचे प्रकार चालतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५-अ नुसार असे कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, असे खाते कंपनीने बंद केले की गिऱ्हाईक आपल्याच दारात येते. बाहेरून आलेला माल घेताना बीआयएसची नोंदणी पाहावी. व्हिडिओ गेम आणि सेट टॉप बॉक्स या दोन्ही वस्तू २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या पहिल्याच यादीत होत्या.

कोल्हापूरची जुनी सवय

कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी यंत्रे, बंद पेट्या. आपला मिस्त्री त्यात काय करणार? अशांना आम्ही याच गावाची आठवण देऊ. शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा ही परदेशी बंद पेटीच होती. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी ती नुसती विकत घेऊन चालवली नाही, तिची घडण समजून घेतली आणि कोल्हापुरात आपला कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्या कारखान्यात हात घडवलेल्यांपैकी एक होते कागलचे शेख फत्तेलाल. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीचे ते भागीदार झाले आणि दामल्यांसह त्यांनी दिग्दर्शित केलेल्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. कारागिराच्या हुन्नरीतून ते तिथवर पोचले.

आज फरक एवढाच की, पेटी उघडू नये अशी तजवीज बनवणाराच करून ठेवतो. त्यावर आवाज उठवणे हेही आपले काम आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे ही त्यातली चार क्षेत्रे आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी खुली करावी, हा त्यामागचा हेतू. गेम कन्सोललाही तोच नियम लागू व्हावा, ही मागणी टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांनी एकत्र येऊन करावी. एकट्या दुकानदाराचे पत्र फायलीत जाते, संघटनेच्या पत्राला निदान पोच तरी मिळते.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. काउंटरवर गिऱ्हाईक आले की पेटीचे गुण सांगण्याआधी तीन प्रश्न विचारू : घरात खेळणारे कोण आहे? टीव्ही लावणारे कोण आहे? आणि महिन्याला वर्गणीवर किती खर्च झेपेल? खेळणारे कुणी नसेल तर कन्सोल विकू नये, स्टिक द्यावी, जोडून द्यावी आणि आपल्या मेहनतीचे पैसे उजळ माथ्याने घ्यावेत. त्या दिवशी नफा कमी होईल, पण ते घर पुढची पंधरा वर्षे आपल्याकडे येईल.

टेलर मास्तरांचे घर अजून आमच्याकडे येते. त्यांचा कन्सोल आता नातू खेळतो. मागच्या खेपेला मास्तर त्याचा कंट्रोलर दुरुस्तीला घेऊन आले होते. पैसे देताना त्यांनी बिल मागितले नाही, पण आम्ही ते लिहून दिले आणि त्यावर काय बदलले, काय नाही, तेही लिहिले.